अक्षांश, अवशेष आणि आठवण : बुलढाणा जिल्ह्यातील समाधिस्थळांच्या निमित्ताने

स्थळ सांगण्याच्या दोन रीती मानवी व्यवहारात प्राचीन काळापासून चालत आल्या आहेत. एका रीतीत स्थळ शेजारावरून सांगितले जाते : ओढ्याच्या अलीकडे, चिंचेच्या पूर्वेस, अमक्याच्या शेताला लागून. दुसऱ्या रीतीत ते आकाशावरून, म्हणजे अंश-कलांच्या संख्येने सांगितले जाते. या दोन रीतींचा परस्परसंबंध समाधी, थडगी आणि वीरगळ यांच्या बाबतीत विशेष स्पष्ट होतो; कारण मृताचे स्थळ हरवले म्हणजे केवळ एक दगड हरवत नाही, त्याच्यासंबंधीचे एक विधानच हरवते. प्रस्तुत लेखात हा संबंध बुलढाणा जिल्ह्याच्या आधारे तपासावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका आधुनिक खेळाचे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या संकेतांत हेतुपुरस्सर मिसळलेला दोष काढून टाकला. तोपर्यंत सामान्य माणसाच्या हातातील यंत्र सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकत असे. ती चूक आता दहा-वीस मीटरवर आली. लगेच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात एका गृहस्थाने रानात एक डबा ठेवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून 'जिओकॅशिंग' हा खेळ निघाला. डबा शोधावा, आतल्या वहीत नाव लिहावे आणि तो पुन्हा जागच्या जागी ठेवावा, एवढाच त्याचा विधी. 'कॅश' हा शब्द फ्रेंचमधील 'लपविणे' या अर्थाच्या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ शिकाऱ्यांनी वाटेत दडवून ठेवलेला शिधा असा आहे. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द 'पेव' हा होय. धान्याचे पेव जमिनीच्या पोटात असते आणि त्याचे तोंड घरच्यांनाच ठाऊक असते.

पाश्चात्त्य देशांत हा खेळ लहान ग्रामीण दफनभूमींतही शिरला. तेथे पुष्कळदा थडग्यावरील जन्म-मृत्यूच्या वर्षांतील अंक घेऊन पुढील टप्प्याचे अंश-कला तयार करावे लागतात. शोधणाऱ्याला विस्मृत लेख निदान एकदा वाचावा लागतो, हा त्याचा लाभ. मृताचे वर्ष केवळ कोड्याचा अंक बनते, ही त्याची हानी. खेळाच्या नियमांत जमीन खणून डबा पुरू नये आणि जागेच्या धन्याची अनुमती घ्यावी, असे सांगितले आहे. या दोन्ही नियमांचे महत्त्व पुढे दिसून येईल.

ज्या मोजणीमुळे या भूमीवरील बिंदू संख्येने सांगता येऊ लागले, तिचा आरंभ विल्यम लॅम्बटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजून केला. १८१८ पासून ते काम त्रिकोणमितीय महासर्वेक्षण या नावाने ओळखले गेले. सुमारे अर्ध्या टनाचा कोनमापक डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवीत तो उत्तरेकडे सरकत आला. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला व तेथेच त्याला पुरण्यात आले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने ती रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. शिष्याचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. गुरूचे थडगे मात्र वऱ्हाडच्या सीमेपलीकडील एका कापूसपेठेत विस्मृतीत पडले. लॅम्बटनविषयी सामान्य वाचकांत पुन्हा कुतूहल निर्माण झाले ते प्रामुख्याने जॉन की यांच्या 'द ग्रेट आर्क' या पुस्तकामुळे, आणि तेही २००० सालीच प्रसिद्ध झाले. ज्याने इतरांची स्थळे निश्चित केली, त्याचे स्वतःचे स्थळ जपण्यास संख्या पुरेशी ठरली नाही.

संख्येची रीत आपल्याकडे परकीयांनीच आणली, असे मात्र समजू नये. भारतीय ज्योतिषात लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांतून जाणारी मध्यरेखा मानली जाई व तिच्यापासूनच्या अंतराला 'देशांतर' म्हणत. उज्जैनीची रेषा सुमारे पाऊणे शहात्तर अंश पूर्व अशी धरली, तर बुलढाणा शहर तिच्या पूर्वेस अर्ध्या अंशाहूनही जवळ आहे. परंतु पंचांगातील हे ज्ञान गावच्या शिवेपर्यंत उतरले नाही. शिवेचा तंटा पडला म्हणजे महजरात चतुःसीमाच लिहिल्या जात. 'शीव' हा शब्दच संस्कृत 'सीमा' या शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप आहे आणि तो अंशांनी नव्हे, तर माणसांच्या साक्षीने सिद्ध होई.

आता सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवराव यांची समाधी पाहू. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबाद येथे निजामशाही दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना मारण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ सिंदखेड येथे भव्य वास्तू उभी आहे. तिला कोणी समाधी म्हणतात, कोणी छत्री. शब्दांचा हा पर्याय अर्थपूर्ण आहे. 'समाधी' हा मूळ योगशास्त्रातील चित्तैकाग्र्याचा शब्द. तो आधी योग्याच्या देहविसर्जनाला, नंतर त्या स्थानाला आणि शेवटी वीराच्या स्मारकालाही लागला. 'छत्री' राजचिन्हावरून आली, 'वृंदावन' तुळशीवरून, 'वीरगळ' कानडीतील दगडवाचक 'कल्ल' या शब्दावरून, तर 'कबर' आणि 'तुरबत' अरबीतून. यांपैकी 'कबर' देहाचे स्थान सांगते. 'छत्री' प्रतिष्ठा सांगते. 'वीरगळ' मृत्यूचा प्रकार सांगतो. अक्षांश यांपैकी काहीही सांगत नाही.

या समाधीच्या परिसरात २०२४ साली एक लक्षणीय गोष्ट घडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून वास्तूच्या जतनाचे काम चालू असता जमिनीखाली दगडी फरसबंदी आढळली. ती अधिक उकरली असता प्राचीन शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी शिल्पमूर्ती मिळाली. सतराव्या शतकातील स्मारकाजवळ त्याहून कितीतरी जुने पेव दडलेले होते. येथे शोध लागला तो जतनासाठी, नोंदी करीत, थराथराने चाललेल्या उत्खननामुळे. तीच मूर्ती एखाद्या गुप्तधनशोधकाच्या कुदळीला लागली असती, तर तिचा थर, तिची दिशा आणि तिचा फरसबंदीशी असलेला संबंध नष्ट झाला असता. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने अशा लाभाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केलेले आहे. परंतु मातीतील क्रम एकदा विस्कटला म्हणजे कोणताही कायदा तो परत देऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण त्याच तालुक्यातील साखरखेर्डा याचे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान रणात पडला आणि हैदराबादच्या असफजाही सत्तेचा पाया घातला गेला. विजेत्याने गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवले. ते नाव कागदांत व ग्रंथांत उतरले, पण लोकांच्या जिभेवर टिकले नाही. गाव आजही साखरखेर्डाच आहे. सत्ता नाव बदलू शकते, परंतु ते उच्चारणाऱ्या समाजाची संमती तिला मिळवावी लागते. जुन्या कागदांत केवळ नवे नाव वाचणाऱ्याला गाव सापडणार नाही आणि केवळ आजचे नाव जाणणाऱ्याला तो कागद सापडणार नाही. येथे अंशांची नोंद दोन्ही नावांना एका जागी बांधून ठेवू शकते.

यावरून जो निष्कर्ष निघतो, तो असा. संख्या स्थळ अचूक दाखविते, पण तेथे कोण आहे हे सांगत नाही. लोकस्मृती कोण आहे हे सांगते, पण ती सांगणाऱ्याच्या आयुष्याइतकीच खात्रीची असते. ओ. एस. क्रॉफ्टन यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची यादी १९३२ साली नागपूर येथे प्रसिद्ध केली. परंतु तशा सूचीत ज्यांच्या दगडावर अक्षर आहे त्यांनाच जागा मिळते. गावोगावच्या शिवेवरील अक्षरहीन वीरगळ, शेंदूर फासलेले सतीचे दगड आणि बांधावरच्या समाध्या सूचीबाहेर राहतात. रस्तारुंदी होते, बांध मोडतात, जमिनीचे तुकडे पडतात. आणि ज्या म्हातारीला तो दगड कोणाचा हे ठाऊक असते, तिला विचारावयास आपण वेळेवर जात नाही.

क्षेत्राभ्यासास निघणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून दोन्ही नोंदी एकाच पानावर कराव्यात. दगडाचे अंश, कला व विकला लिहाव्यात; विकला ही सुमारे तीस मीटरांची असल्याने तिचे दशांशही लिहावेत. त्याखाली गावकरी त्या जागेला काय म्हणतात, कोणत्या उच्चाराने म्हणतात, कोणत्या दिवशी तेथे दिवा लावतात आणि तिच्या चतुःसीमा काय सांगतात, हे जसेच्या तसे उतरून घ्यावे. काही खणू नये, काही हलवू नये आणि ज्यांचे पूर्वज तेथे आहेत त्यांना विचारल्यावाचून आत पाऊल टाकू नये. खेळाडू डब्यातील वहीत आपले नाव लिहून परततो. संशोधकाने परतताना आपल्या वहीत त्या मृताचे नाव आणलेले असावे.