पत्रांनी बांधलेली विज्ञानसभा

विज्ञानाचा इतिहास शिकवताना आपण शोध आणि शोधकांची नावे सांगतो. न्यूटन, हूक, लेवेनहूक, माल्पिगी ही नावे विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेली असतात. पण केंब्रिज, लंडन, डेल्फ्ट आणि बोलोन्या अशा दूरदूरच्या गावी राहणाऱ्या या माणसांना एकमेकांचे काम कळत होते ते कसे? याचे उत्तर शोधू लागलो, की ज्याच्या नावावर एकही शोध नाही अशा एका माणसाची गाठ पडते. तो म्हणजे हेन्री ओल्डेनबर्ग.

ओल्डेनबर्ग जर्मनीतील ब्रेमेनचा. १६५३ साली तो आपल्या शहराचा वकील म्हणून इंग्लंडला आला आणि पुढे तेथेच स्थायिक झाला. १६६० मध्ये लंडनला रॉयल सोसायटी स्थापन झाली. १६६२ च्या सनदेत तिच्या दोन चिटणिसांपैकी एक म्हणून त्याचे नाव आले. त्याला अनेक भाषा येत होत्या आणि पत्रे लिहिण्याचा कंटाळा नव्हता. या दोन गुणांवर त्याने युरोपभर पसरलेला एक अभ्यासक-समाज उभा केला.

त्याची पद्धत साधी होती. आलेले पत्र सोसायटीच्या बैठकीत वाचायचे, त्याची तारीख नोंदवायची, त्यावरील शंका लेखकाला कळवायच्या आणि उत्तर आले, की ते पुन्हा बैठकीपुढे ठेवायचे. तारखेच्या नोंदीला मोठे महत्त्व होते. त्या काळी आपला शोध दुसरा कोणी चोरील या भीतीने पुष्कळजण तो कुलपात ठेवत. आधी कळवणाऱ्याचे नाव आधी नोंदले जाते, असा विश्वास वाटू लागल्यावर लोक मोकळेपणाने लिहू लागले.

६ मार्च १६६५ रोजी ओल्डेनबर्गने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. पहिला अंक सोळा पानांचा होता. खर्चाची जोखीम त्याची स्वतःची होती. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले, तेव्हा काही अंक ऑक्सफर्डला छापावे लागले. पण काम थांबले नाही.

तो पत्रांची नुसती वाट पाहत बसला नाही, त्याने प्रश्नही पाठवले. १६६७ च्या एका अंकात सुरत आणि पूर्वेकडील इतर प्रदेशांसाठी प्रश्नांची यादीच छापलेली आहे. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तिकडे जाणाऱ्या प्रवाशांनी काय पाहावे आणि काय विचारावे, हे त्या यादीत सांगितले होते. इकडे बोलोन्याच्या माल्पिगीला ओल्डेनबर्गने आपण होऊन लिहिले. त्यातूनच रेशमाच्या किड्याच्या शरीररचनेवरील माल्पिगीचा ग्रंथ सोसायटीने १६६९ मध्ये प्रसिद्ध केला.

सर्वांत बोलके उदाहरण लेवेनहूकचे. डेल्फ्टचा हा कापडव्यापारी विद्यापीठात शिकलेला नव्हता. विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. १६७३ मध्ये द ग्राफ या डच वैद्याने त्याची ओळख करून दिली. ओल्डेनबर्गने त्याची डच भाषेतील पत्रे स्वीकारली आणि त्यांतील मजकूर इंग्रजीत छापला. १६७६ मध्ये लेवेनहूकने पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांविषयी कळवले, तेव्हा अनेकांना ते खरे वाटेना. पण त्याची कोणी टर उडवून त्याला वाटेला लावले नाही. त्याच्याकडे पुरावा मागितला गेला. त्याने प्रत्यक्ष पाहणाऱ्या आठ जणांच्या साक्षी पाठवल्या आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये हूकने ते जीव सोसायटीपुढे दाखवले.

माणसे एकत्र आली, की भांडणेही येतातच. १६७२ मध्ये प्रकाश आणि रंगांवरील न्यूटनचे पत्र छापून आले आणि आक्षेपांचा वर्षाव झाला. उत्तर देताना आक्षेप घेणाऱ्यांची नावे घेऊ नयेत, मुद्द्यांना उत्तर द्यावे, असे ओल्डेनबर्गने न्यूटनला सुचवले. वैतागलेला न्यूटन १६७३ मध्ये सोसायटी सोडायला निघाला, तेव्हा त्याने त्याची समजूत घातली. खुद्द ओल्डेनबर्गही आरोपांतून सुटला नाही. घड्याळाच्या स्प्रिंगची आपली कल्पना त्याने हायगेन्सला कळवली, असा हूकचा संशय होता. तर १६६७ मध्ये डच युद्धाच्या वेळी सरकारने त्याला परदेशी पत्रव्यवहाराच्या संशयावरून दोन महिने टॉवरमध्ये कैदेत टाकले. सुटका झाल्यावर तो पुन्हा पत्रे लिहू लागला.

सप्टेंबर १६७७ मध्ये ओल्डेनबर्ग वारला. हूकने लेवेनहूकचे जीव दाखवले ते पाहायला तो नव्हता. त्याच्यामागे नियतकालिक रखडले आणि मध्ये काही वर्षे बंदच पडले. १६८३ मध्ये ते पुन्हा नीट सुरू झाले आणि १७५२ मध्ये सोसायटीने त्याची जबाबदारी अधिकृतपणे स्वतःकडे घेतली. एकाच माणसाच्या खांद्यावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर कोसळू शकते. ते टिकायचे तर त्याची रीत सर्वांची व्हावी लागते, हे यातून दिसते.

सुदैवाने ती रीत तोवर रुजली होती. लेवेनहूक १७२३ मध्ये मरेपर्यंत सोसायटीला लिहीत राहिला. शाळेतील विज्ञान मंडळ असो की तालुक्यातील शिक्षकांचा अभ्यासगट, पहिल्या बैठकीला गर्दी जमते. दहाव्या बैठकीलाही माणसे यावीत असे वाटत असेल, तर पत्राला उत्तर देणारा, नोंद ठेवणारा, नवख्याला बोलते करणारा कोणीतरी लागतो. आणि त्याचे काम उद्या दुसऱ्याला करता यावे, अशी व्यवस्थाही लागते.