यवत परिसर आणि मराठेकालीन दप्तरांच्या प्रती

मराठेकालीन महसूलव्यवस्थेत गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे, परगण्याचे देशपांड्याकडे आणि राज्याचे हुजुरात असे. सनदेची नक्कल ठेवून अस्सल भोगवटदारास परत देण्याची आज्ञा पत्राच्या अखेरीस आढळते. त्यामुळे एक दप्तर जळाले तरी दुसऱ्यावरून वतन सिद्ध होई. मात्र सर्वच ठिकाणे एकदम निकामी झाली तर काय, हा प्रश्न उरतोच. संगणकशास्त्रात अनेक सर्व्हर एकाच वेळी बंद पाडून चाचणी घेतात ती याचसाठी.

इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले व यवतनजीक भुलेश्वराच्या डोंगरावर दौलतमंगळ किल्ला उभारला. त्याच काळात दुष्काळही पडला. गाव ओस पडले की कागद आणि साक्षीदार दोन्ही परागंदा होत. पुढे १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, हुजूर दप्तराचा नाश झाला आणि त्याच धामधुमीत गावे व परगणेही सापडले. प्रती पुरेशा होत्या. पण त्या एकाच स्वारीच्या वाटेवर होत्या.

अशा वेळी गोतसभा बसे. शेजारगावचे पाटील व बलुतेदार साक्ष देत आणि महजर होई. ‘कागद जळाले’ म्हणणारा प्रत्येक वादी खरा असेच असे नाही. म्हणून प्रतिपक्षाचेही म्हणणे ऐकले जाई, आणि तरीही निवाडा न झाल्यास प्रसंगी दिव्य करविले जाई.