डुर्लाख येथील स्वयंसेवक अग्निदल

आग विझविणें हें पगारी बंबवाल्यांचें काम, अशी आपली समजूत असते. कारण मुंबईंत आपण तसेंच पाहतों. जर्मनीचा अनुभव निराळा आहे. तेथें सुमारें दहा लक्ष लोक आपापला धंदा सांभाळून, वेतन न घेतां, आगीशीं झुंजण्यास सज्ज असतात. या परंपरेच्या उगमाशीं बाडेन प्रांतांतील डुर्लाख या लहानशा नगराचें नांव जोडलेलें आहे.

या नगरास आगीची ओळख नवी नव्हती. १६८९ सालीं फ्रेंच सैन्यानें तें जाळून टाकलें होतें. जुन्या काळीं तिकडील गांवांत आगीची घंटा वाजली कीं नागरिकांनीं बादल्या घेऊन धांवावें, असा दंडक असे. माणसें पुष्कळ जमत. पण कोणीं कोणाचें ऐकावें हें ठरलेलें नसे. आपल्यापैकीं ज्यांनीं गवताच्या गंजीची आग पाहिली आहे, त्यांस हा गोंधळ वर्णन करून सांगावयास नको.

क्रिस्तियान हेंग्स्ट हे डुर्लाखच्या बांधकाम खात्याचे प्रमुख. त्यांनीं १८४६ सालीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या पुरुषांचें पथक उभारलें. कोणीं बंब चालवावयाचा, कोणीं नळी धरावयाची, कोणीं शिडी चढावयाची, हें आग लागण्यापूर्वींच नेमून दिलें व गिरवून घेतलें. हायडेलबर्गचे कारखानदार कार्ल मेट्झ यांनीं बनविलेला नवा हातबंब या पथकाजवळ होता. तथापि माझ्या मतें बंबापेक्षां हा सरावच मोलाचा. सॅक्सनींतील मायसेन येथें असें पथक १८४१ मध्येंच निघालें होतें. तेव्हां पहिलेपणाचा वाद जर्मनांनींच मिटवावा.

कसोटी लवकरच आली. २८ फेब्रुवारी १८४७, रविवार. सुमारें तीन मैलांवरील कार्ल्सरूहे या राजधानींत दरबारी नाट्यगृह प्रेक्षकांनीं भरलें असतां राजघराण्याच्या कक्षांतील पडद्यांस गॅसच्या दिव्याची ज्योत लागली. वरच्या सज्जांतील कांहीं दारांस कुलपें होतीं. साठांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. (सणाच्या मिस्सेस आपल्या मंदिराचीं बाजूचीं दारें उघडीं असावींत, हें मी येथें मुद्दाम लिहून ठेवतों.) डुर्लाखचें पथक बंब घेऊन आलें तेव्हां नाट्यगृह वांचण्यासारखें राहिलें नव्हतें, परंतु त्यांनीं शेजारच्या इमारतींकडे व राजवाड्याकडे आग जाऊं दिली नाहीं. गर्दी धांवत होती आणि हे लोक मात्र नेमलेल्या जागीं उभे होते. तें पाहून त्याच वर्षीं कार्ल्सरूहेच्या तरुणांनींही आपलें स्वयंसेवक दल काढलें, आणि मेट्झ यांनीं गांवोगांवीं अशा दलांचा पुरस्कार चालविला.

१९३८ सालीं डुर्लाख कार्ल्सरूहे शहरांत विलीन झालें. त्या शहरास आज पगारी अग्निशामक दल आहे. तथापि डुर्लाखचे स्वयंसेवक अद्यापि आपल्या बंबांसह तयार असतात.