एकच फळी, सगळ्यांना

आमच्या विदर्भात शंकरपट बघायला गेलं की पहिला प्रश्न असतो, "जोडी कोणाची?" हाकणारा कितीही तयार असो, चांगली जोडी घ्यायला ज्याच्याकडे पैसा त्याचं पारडं आधीच जड. कुस्तीत तसं नाही. तिथे साधनच नाही, फक्त जोड लावताना वजन बघतात. आज ज्या खेळाबद्दल लिहितोय त्याने शंकरपटातली ही अडचण कुस्तीच्या पद्धतीने सोडवायचा प्रयत्न केला. खेळ आहे विंडसर्फिंग. आता तुम्ही म्हणाल, वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या माणसाला याचं काय पडलंय? सांगतो.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात दोन मित्र होते. जिम ड्रेक हा विमानांचा इंजिनियर, आणि हॉयल श्वाइट्झर कॉम्प्युटरच्या धंद्यातला (म्हणजे आपल्याच जातकुळीतला!). लाटांवर तरंगायच्या फळीला शीड लावायचं, ही कल्पना. पण होडीला सुकाणू लागतं, आणि फळीवर उभा असलेला माणूस शीड धरणार की सुकाणू? ड्रेकने डोलकाठी घट्ट बसवलीच नाही, तिच्या तळाशी सगळीकडे वळणारा सांधा दिला. शीड पुढे झुकवलं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवलं की वाऱ्याकडे. सुकाणूची गरजच संपली. १९६८ मधे पेटंटचा अर्ज गेला, १९७० मधे अमेरिकेत पेटंट मिळालं. गंमत म्हणजे १९८५ मधे इंग्लंडच्या कोर्टाने तिथलं पेटंट रद्द ठरवलं. कारण? पीटर चिल्व्हर्स नावाच्या १२ वर्षांच्या पोराने १९५८ मधेच असली फळी बनवून चालवली होती.

पण मला जास्त भावतं ते पुढचं. श्वाइट्झरची 'विंडसर्फर' ही १२ फुटी प्लॅस्टिकची फळी साच्यातून निघायची. सगळ्यांची फळी तीच, शीड तेच. याला म्हणतात वन-डिझाइन. शर्यत हरलात तर फळीला दोष द्यायची सोयच नाही.

मग न्याय झाला का? नाही ना! हलक्या वाऱ्यात ५५ किलोची मुलगी सुसाट जाते आणि ९० किलोचा गडी मागे राहतो. वारा वाढला की उलटं. म्हणून या क्लासमधे कुस्तीसारखे वजनगट आले. ज्युनियर, महिला आणि वयस्कर खेळाडूंनाही जागा मिळाली. आजची विंडसर्फर एलटी ही १५ किलोची फळी तीच परंपरा चालवते.

दिव्यांगांच्या शिडाच्या शर्यतीत याहून सुरेख हिशोब होता. सोनार नावाच्या होडीत तिघे बसायचे. शारीरिक क्षमतेनुसार प्रत्येकाला १ ते ७ गुण, आणि तिघांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे ज्याला जास्त अडचण आहे, त्याला घेतल्याशिवाय टीमच बनत नाही. २०१६ च्या रिओनंतर शिडाच्या शर्यती पॅरालिम्पिकमधून काढल्या गेल्या, पण ते गणित विसरण्यासारखं नाही.

ऑलिम्पिकने मात्र वेगळी वाट धरली. १९८४ मधे विंडसर्फिंग आलं, १९९२ पासून महिलांची वेगळी शर्यत झाली. पण वजनगट नाहीत, आणि १९८४ ते २०२४ या ४० वर्षांत सहा वेगवेगळ्या फळ्या! विंडग्लायडरपासून सुरुवात, मग मिस्ट्रल, आरएस:एक्स, आणि २०२४ ला पाण्यावर उचलली जाणारी आयक्यूफॉइल. प्रत्येक वेळी फळी सगळ्यांना सारखीच, फक्त नवी घ्यावी लागते. २०२३ मधे झालेल्या हांगझौ आशियाई स्पर्धेत आपल्या ईबाद अलीने ब्राँझ मिळवलं ते आरएस:एक्समधे, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसला तो क्लास नव्हताच. आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद. श्रीमंत देश लगेच अपग्रेड करतात. गोव्याच्या डेन आणि कात्या कुएल्हो या भावंडांसारखे लोक आपल्याकडे हा खेळ धरून आहेत, त्यांच्यासाठी ते इतकं सोपं नसतं.

आता रिठदकडे येतो. त्याच हांगझौमधे नेहा ठाकूरला आयएलसीए-४ या छोट्या होडीत सिल्व्हर मिळालं. तीही वन-डिझाइन. नेहा मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याच्या घरातली, आणि शिकली भोपाळच्या तलावात. समुद्र कुठे आहे तिथे? म्हणजे पाणी लागतं तळ्याएवढं, वारा फुकट, आणि लागतात सारख्या, टिकाऊ होड्या. तळी आणि धरणं तर विदर्भातही आहेत.

मेडल हवं असेल तर नवी फळी घ्यावीच लागेल, ते मान्य. पण चार गावांतल्या पोरापोरींना पाण्यावर आणायचं असेल तर वीस वर्षं न बदलणारी साधी फळी आणि कुस्तीतले वजनगट पुरेत. सारखं साधन दिलं की अर्धा न्याय होतो. उरलेला अर्धा माणसाकडे बघून करावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या त्या प्लॅस्टिकच्या फळीवाल्यांना हे कधीच कळलं होतं.