डार्वेनची पाच मते

उत्तर इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यात डार्वेन नावाचे एक गिरणगाव आहे. तेथील उंच धुराड्याच्या एका जुन्या गिरणीचे नाव ‘इंडिया मिल’. श्रोतेहो, या नावातच त्या गावाच्या राजकारणाचे मर्म साठवलेले आहे. लँकाशायरचे कापड सर्वांत अधिक खपे ते हिंदुस्थानात. त्यामुळे तेथील मतदाराला दूरदेशीच्या बाजाराचा विचार करूनच मत द्यावे लागे.

डार्वेनचा मतदारसंघ 1885 साली निर्माण झाला. पहिल्याच निवडणुकीत हुजूर पक्षाचे लॉर्ड क्रॅनबोर्न, म्हणजे तत्कालीन पंतप्रधान सॉल्झबरी यांचे चिरंजीव, अवघ्या 5 मतांनी निवडून आले. 1892 मध्ये ही जागा उदारमतवाद्यांनी जिंकली आणि 1895 मध्ये गमावली. 1910 साली तर दोन निवडणुका झाल्या आणि दोन्ही वेळा जागेचा धनी बदलला.

या हेलकाव्यांमागे मुख्य वाद होता तो खुल्या व्यापाराचा. कच्चा कापूस परदेशातून यायचा आणि तयार कापड परदेशी जायचे. अशा गावाला जकातीची भिंत कशी परवडावी? 1923 साली पंतप्रधान बाल्डविन यांनी संरक्षक जकातीसाठी कौल मागितला, तेव्हा डार्वेनने उदारमतवादी उमेदवार निवडला. पुढच्याच वर्षी तो पडला. 1929 मध्ये त्याच पक्षाचे हर्बर्ट सॅम्युएल विजयी झाले.

परंतु मुंबई-सोलापूरच्या गिरण्या, जपानी माल, आयातीवरील वाढती जकात आणि 1930 चा बहिष्कार यांमुळे हिंदुस्थानचे गिऱ्हाईक तुटत चालले होते. सप्टेंबर 1931 मध्ये, गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी डार्वेनला आले. बेकारीने गांजलेल्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. गांधीजींनी त्यांचे दुःख ऐकून घेतले आणि हिंदुस्थानातील त्याहून घोर दारिद्र्य त्यांच्यापुढे मांडले. महिन्याभराने निवडणूक झाली. गृहमंत्री असलेल्या सॅम्युएल यांच्याविरुद्ध हुजूर उमेदवार उभा राहिला. तरीही सॅम्युएल टिकले. 1932 मध्ये ओटावा करारावरून त्यांनी मंत्रिपद सोडले. 1935 मध्ये ते उदारमतवादी पक्षाचे नेते होते. तरी डार्वेनने त्यांना पराभूत केले.

चुरस मात्र सरली नाही. 1943 च्या पोटनिवडणुकीत, प्रमुख पक्षांचा युद्धकालीन समझोता झुगारून उभ्या राहिलेल्या पत्रकार ऑनर बाल्फर केवळ 70 मतांनी हरल्या. 1983 मध्ये जुना मतदारसंघ मोडून रॉसेंडेल व डार्वेन हा नवा मतदारसंघ झाला. 1992 मध्ये तेथे मजूर पक्षाच्या जॅनेट अँडरसन 120 मतांनी जिंकल्या.

पाच मतांनी प्रतिनिधी ठरवण्याचे सामर्थ्य डार्वेनच्या मतदारांपाशी होते. परंतु ज्या बाजारावर त्यांची चूल पेटत असे, त्याचा निर्णय हिंदुस्थानातील लोक करू लागले होते. आणि त्या लोकांना डार्वेनमध्ये मत नव्हते, तसे डार्वेनकरांनाही हिंदुस्थानात नव्हते.