हलकी, मजबूत, स्वस्त: पाया लेबारमधल्या एका सायकलीचा हिशेब

मलय भाषेत 'पाया' म्हणजे दलदल आणि 'लेबार' म्हणजे रुंद. ज्या शब्दावर आपण मराठीत इमारती उभ्या करतो, त्याच शब्दात इथे पाय रुततो. आज पाया लेबारमध्ये दलदलीचा मागमूस नाही. मेट्रोच्या दोन लाइन इथे एकमेकींना छेदतात, काचेची ऑफिसं आहेत, मॉल आहे. उत्तरेला विमानतळ आहे. १९५५ ते १९८१ सिंगापूरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ तोच होता, आता तो हवाई दलाकडे आहे. आणि बाजूला उबी, काकी बुकित हा बहुमजली औद्योगिक गाळ्यांचा पट्टा.

समजा तुम्ही इथे राहता. पगार पोस्टडॉकचा आहे आणि तुम्हाला माउंटन बाइक हवी आहे: पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, म्हणजे फुल सस्पेन्शन, आणि तीही हलकी. दुकानातल्या नव्या सायकलीची किंमत म्हणजे कित्येक महिन्यांचं खोलीभाडं. मग उरतो एकच मार्ग. फ्रेम एकीकडून, चिमटा दुसरीकडून, चाकं तिसरीकडून, आणि जुळणी स्वतःच्या हाताने. हे सिंगापूरमध्ये जमतं. पुण्यात किंवा कोल्हापुरात करायला गेलात तर बरंच अवघड जातं. मला या 'जमतं'मध्ये रस आहे. लोक याला काटकसर म्हणतात, जुगाड म्हणतात. पण तुमची काटकसर सुरू होण्याच्या कितीतरी आधी तो जुगाड दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेला असतो.

सायकलवाल्यांच्या जगात कीथ बॉन्ट्रॅगर या अमेरिकी कारागिराच्या नावावर एक वचन खपतं: मजबूत, हलकं, स्वस्त, यातलं कोणतंही दोन निवडा. ऐकायला हा भौतिकशास्त्राचा नियम वाटतो. प्रत्यक्षात हा त्रिकोण दर दहा वर्षांनी आपला आकार बदलत आला आहे. कोणतं दोन मिळणार हे धातूइतकंच कायद्यांनी, संपांनी, चलनाच्या दरांनी आणि पेटंटच्या मुदतींनी ठरवलं आहे.

मुळात माउंटन बाइक जन्मालाच आली ती भंगारातून. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीतली काही पोरं दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जाडजूड श्विन सायकली जुन्या बाजारातून उचलून डोंगरावरून खाली सोडत. १९७६ पासून त्यांनी 'रीपॅक' नावाची शर्यत भरवली. नाव पडलं ते असं: उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. मजबूत आणि स्वस्त, पण हलकं नावालाही नाही. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी फ्रेम बनवली. ती हलकी होती, पण हाताने बनवलेली, म्हणजे महाग. १९८१ ला स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टंपजंपर' जपानमध्ये बनवून घेतली आणि तिथून पुढे या सायकलीचा इतिहास अमेरिकेत कमी आणि आशियात जास्त घडला.

आता पाया लेबारहून हिरव्या लाइनवर पश्चिमेकडे बसा. गाडी न बदलता तुम्ही जुरोंगच्या पट्ट्यात पोचता. शिमानोने जपानबाहेरचा आपला पहिला कारखाना १९७३ मध्ये सिंगापूरमध्ये काढला. ही कंपनी १९२१ ची, साकाई शहरातली, फ्रीव्हीलपासून सुरू झालेली. साकाई म्हणजे सुऱ्या आणि बंदुका घडवणाऱ्यांचं जुनं गाव. मग सिंगापूरच का?

ब्रिटनने जानेवारी १९६८ मध्ये जाहीर केलं की १९७१ अखेर आपण इथले लष्करी तळ सोडणार. या तळांवर सिंगापूरच्या अर्थव्यवस्थेचा जवळजवळ पाचवा हिस्सा उभा होता. सरकारला घाईने रोजगार हवे होते. त्याच १९६८ मध्ये दोन कामगार कायदे आले. बढती, बदली, कामावरून कमी करणं अशा गोष्टी संघटनांच्या वाटाघाटींतून बाहेर काढल्या गेल्या, आणि संपांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. परदेशी कारखानदारांना करसवलत होती, जुरोंगमध्ये तयार भूखंड होते. जपानच्या बाजूने पाहिलं तर १९७१ नंतर येन महाग होत गेला, आणि अमेरिकेत सायकलींची तुफान लाट आलेली. ज्याला निर्यात करायची आहे त्याला जपानबाहेर हात पसरणं भाग होतं. या सगळ्याची बेरीज म्हणजे जुन्या बाजारात तुमच्या हाती येणारा 'मेड इन सिंगापूर' असं कोरलेला मागचा डिरेलर. तो स्वस्त का आहे याचं एक उत्तर १९६८ च्या त्या कायद्यांतही आहे, आणि ते उत्तर फारसं सुखद नाही.

१९७३ हे वर्ष आणखी दोन ठिकाणी अडखळायला लावतं. योगायोगांवर फार भार टाकू नये हे मान्य, तरीही. तैवानमध्ये त्याच वर्षी सरकारी औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. जायंट ही कंपनी त्याआधी एकच वर्ष, १९७२ ला, सुरू झालेली. १९८० मध्ये शिकागोत श्विनच्या कामगारांनी संप केला तेव्हा कंपनीने उत्पादन तैवानकडे वळवलं, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत श्विनच्या बहुसंख्य सायकली जायंट बनवत होती. पुढे याच सरकारी संस्थेच्या साहाय्याने जायंटने कार्बनच्या फ्रेमवर काम केलं. १९८७ ची 'कॅडेक्स' त्यातूनच आली. श्विनने १९९२ ला दिवाळखोरी जाहीर केली. संप शिकागोत झाला, शिकणं तैवानमध्ये झालं.

आणि दिल्लीत १९७३ ला 'फेरा' कायदा झाला. बहुतेक परदेशी कंपन्यांचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. सायकलींचे अनेक सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखीव होते, आणि बाहेरून माल येणं जवळपास बंद. म्हणून आपला सायकल उद्योग मागास राहिला असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. लुधियानाच्या हिरोचं नाव १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात गेलं. आपल्याकडच्या सायकलीला दुधाचे कॅन वाहायचे होते, पेपरचे गठ्ठे, गवताचे भारे, मागे बायको आणि पुढे दांडीवर पोरगं. त्या सायकलीने त्रिकोणातलं 'मजबूत' आणि 'स्वस्त' निवडलं, आणि अगदी शहाणपणाने निवडलं. 'हलकं' हे कुणी मागितलंच नव्हतं. फटका नंतर बसला. हलकं मागणारी पिढी आली तेव्हा ते बनवायचा सराव असलेले हात आणि सुट्या भागांचा वाहता बाजार, दोन्ही इथे नव्हतं. बाहेरून मागवावं तर वर आयात शुल्क.

सस्पेन्शनची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे कळीचा मुद्दा धातूचा नव्हता. मागच्या चाकाला एकाच सांध्यावर वरखाली होऊ दिलं तर ब्रेक दाबला की शॉक आखडतो आणि पेडल मारलं की सायकल डुलते. होर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन मोटोक्रॉसवाल्याने मागच्या आसाच्या किंचित पुढे एक जादा सांधा दिला. त्यामुळे आस आणि ब्रेक धरणारा तुकडा जणू तरंगता राहिला. अमेरिकेत त्याचं पेटंट होतं, आणि १९९८ ला स्पेशलाइज्डने ते विकत घेतलं. इतरांनी एकतर पैसे भरायचे किंवा वळसा घालून दुसरी रचना शोधायची. काही जर्मन कंपन्या हाच सांधा वापरून घरी सायकली विकत, पण अमेरिकेत त्या विकता येत नसत. २०१० च्या दशकात पेटंटची मुदत संपली आणि हा सांधा सगळ्यांचा झाला. तुमच्या मध्यम किमतीच्या फ्रेमवर तो दिसला तर त्याच्या जागी पूर्वी एक परवाना फी होती हे लक्षात घ्या.

आता खरेदीकडे वळू. कमी पैशात जुळणी करणाऱ्याचा मित्र आणि शत्रू एकच आहे: मापं. सायकल उद्योग दर काही वर्षांनी मापं बदलतो. रीपॅकच्या त्या जुन्या श्विनची चाकं २६ इंची होती, म्हणून माउंटन बाइक तीसेक वर्षं २६ इंचीच राहिली. २०१२-१४ च्या सुमारास २९ आणि साडेसत्तावीस इंचांनी ती बाजूला सारली. मग आस रुंद झाला: मागे १४२ चा १४८ मिलिमीटर, पुढे १०० चा ११०. प्रत्येक बदलाबरोबर आधीचा चांगला माल रातोरात 'जुना' होतो आणि मोबाइलवरच्या जुन्या बाजारात येतो. २६ इंचीच्या मोहात पडू नका, टायर मिळवताना दमछाक होते. माझं मत विचाराल तर २०१३ ते २०१७ मधली, २९ इंची चाकांची, मागे १४२ आणि पुढे १०० मापाची अॅल्युमिनियम फ्रेम शोधा. फॅशनबाहेर गेलेली, पण रस्त्याबाहेर गेलेली नाही.

सुटे भाग कुणाकडे आहेत याने मोठमोठ्या गोष्टी ठरतात, हे या शहराला वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात उतरलं आणि सायकलींवरून दक्षिणेकडे सरकलं. युद्धाआधी जपानने मलायात आपल्या सायकली भरपूर विकल्या होत्या, त्यामुळे दुरुस्तीचे भाग गावोगाव सापडत गेले. टायर संपले तेव्हा शिपाई नुसत्या रिमवर चालवत राहिले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. शांततेच्या काळात हा धंदा बहुतांशी हेंगहुआ लोकांच्या हातात होता. चीनच्या फुजियान प्रांतातून उशिरा आलेला हा समाज. बरे धंदे आधीच्यांनी वाटून घेतलेले, यांच्या वाट्याला रिक्षा आणि सायकली आल्या.

गिअरसाठी मापांचं हेच तत्त्व उलटं वापरा. शिमानोचे नवे १२ गिअर नव्या प्रकारच्या फ्रीहबवरच बसतात. पण ११ गिअरची डिओर एम५१०० मालिका १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या जुन्या खाचांच्या फ्रीहबवर बसते. म्हणजे जुनी चाकं आणि नवे गिअर, पुढे एकच चकती. तिची कॅसेट सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते. वरच्या दर्जाची दीडशे ग्रॅमहून अधिक हलकी मिळेल, पण किमतीत. ते पैसे तिथे घालू नका, टायर आणि रिमवर घाला. फिरणाऱ्या चाकाचं वजन पेडल मारताना आधी जाणवतं. ट्यूब काढून सीलंट भरलंत तर दोन चाकांत मिळून पाव किलोच्या आसपास वाचतं, तेही जवळजवळ फुकटात.

ढोबळ बेरीज अशी. फ्रेम शॉकसकट ३.१ किलो. हवेचा चिमटा पावणेदोन; स्प्रिंगचा घेऊ नका, तिथे अर्धा किलो सहज वाढतो. चाकं १.९, टायर दीड, गिअर-क्रँक-चेन सव्वादोन, ब्रेक एक, हँडल-सीट वगैरे १.३, पेडल ०.४. तेरा किलो आणि वर थोडं. कार्बनवाला हसेल. हसू द्या. लिफ्टमधून बाराव्या मजल्यावर नेताना तेरा किलो पुरेसे हलके असतात.

एक खर्च लोक विसरतात. मागच्या सांध्यांमध्ये बेअरिंग असतात, आणि इथल्या दमट हवेत ती लवकर गंजतात. कंपनीचा संच महाग पडतो. बेअरिंग बाहेर काढून त्याच्यावरचा नंबर वाचा. ६९०२ वगैरे काहीतरी असेल. हा सायकलीचा नंबर नाही, तो जगभरच्या यंत्रांचा आहे. औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात तोच नंबर सांगा आणि पूर्ण छर्र्यांचं मागा, कारण हे सांधे गरगर फिरत नाहीत, जागच्या जागी झुलतात. आपल्याकडचा सायकलवाला ज्याला ओव्हरऑइलिंग म्हणतो ते इथे वर्षातून दोनदा करावं लागतं.

राहिला प्रश्न ती चालवायची कुठे. सिंगापूरचं सर्वांत उंच टोक, बुकित तिमाह, १६३ मीटर आहे. कळसूबाई १६४६. दीडशे-एकशेसाठ मिलिमीटर खेळणारे शॉक इथे मिरवायला ठीक, १०० पुरतात. तेवढे लागतातच मात्र, कारण पुलाऊ उबिन बेटावरची केताम खाण. उबिनचा ग्रॅनाइट १८५१ मध्ये पूर्ण झालेल्या हॉर्सबर्ग दीपगृहाला लागला होता. १९९९ पर्यंत तिथल्या खाणी बंद झाल्या, आणि २००८ ला केतामच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्याभोवती ४५ हेक्टरांत माउंटन बाइकची पायवाट झाली: दगड, मुळं, छोटे पण छातीवर येणारे चढ. मेट्रोत घडीची सायकलच नेता येते, त्यामुळे पाया लेबारहून चांगीच्या धक्क्यापर्यंत पंधराएक किलोमीटर चालवतच जायचं. तेवढ्या वेळ मागचा शॉक लॉक करून ठेवा. पुढे लाकडी बोट. बारा माणसं जमली की ती सुटते, आणि सायकलीचे पैसे वेगळे पडतात.