पालि वाङ्मयातील रंगारी

प्राचीन भारतातील कापडाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा राजदरबार आणि व्यापारी मार्ग यांकडे जाते. ज्यांच्या हातांनी ते कापड रंगले, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. पालि तिपिटकात मात्र रंगाऱ्याचे काम बारकाव्यांसह नोंदलेले आढळते.

संयुत्तनिकायातील दुसऱ्या गद्दुलबद्धसुत्तात रंगारी अथवा चित्रकाराची उपमा येते. लाख, हळद, नीळ आणि मंजिष्ठा यांच्या साहाय्याने तो घोटलेल्या फळीवर, भिंतीवर किंवा वस्त्रपटावर स्त्री-पुरुषाची सर्वांगपूर्ण आकृती चितारतो. येथे ठशांचा उल्लेख नाही, आकृती हाताने काढलेली आहे. तथापि वस्त्रावर नैसर्गिक रंगांनी आकृती रेखाटण्याची कला श्रोत्यांच्या परिचयाची होती, हे यावरून स्पष्ट होते.

संपन्न घरांतील आच्छादनांची यादी दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात आहे. पटलिका म्हणजे दाट फुलांची, तर विकतिका म्हणजे सिंह-वाघांच्या आकृतींची लोकरी आच्छादने, असे अट्ठकथा सांगते. वर छत आणि पलंगाच्या दोन्ही टोकांस तांबड्या उशा असत. भिक्खूंना अशी शय्या वर्ज्य होती. परंतु गृहस्थाच्या घरी काही अपवाद वगळता अशा आसनावर बसण्याची अनुमती होती. अर्थात निषेध विलासाचा होता, कारागिरीचा नव्हता.

याहून महत्त्वाचा पुरावा विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरक्खन्धकात आहे. भिक्खू शेणाने व पिवळ्या मातीने चीवरे रंगवीत, त्यामुळे ती विवर्ण होत. तेव्हा भगवंतांनी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ यांपासून होणाऱ्या सहा रंगांची अनुज्ञा दिली. थंड पाण्यातील रंगाने चीवरास दुर्गंधी येई, म्हणून रंग उकळण्याची परवानगी मिळाली. रंग शिजला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा थेंब पाण्यात किंवा नखाच्या पाठीवर टाकावा, असेही सांगितले आहे. ही परीक्षा प्रत्यक्ष रंगकाम करणाऱ्या माणसाचीच असू शकते. ब्राह्मणकुळातून आलेला भिक्खू असो की विणकराच्या घरातून आलेला, रंगाच्या मडक्यापाशी दोघांनाही बसावे लागे.

याच्या शेजारी मनुस्मृती ठेवून पाहावी. तिच्या चौथ्या अध्यायात रंगाऱ्याचे अन्न वर्ज्य ठरविले आहे. दहाव्या अध्यायात, आपत्काळी व्यापार करणाऱ्या ब्राह्मणाला रंगविलेले वस्त्र, नीळ आणि लाख विकण्यास मनाई आहे. वस्त्र अंगावर चालते, ते रंगविणाऱ्याचा घास मात्र चालत नाही! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले, त्यामागील कारणांत श्रमाचा हा अवमानही येतो. उलट विनयात कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी यांच्या शिल्पांना लोक हीन मानतात अशी नोंद करून, त्यावरून भिक्खूला हिणविणे हा पाचित्तिय अपराध ठरविला आहे.

१८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि वनस्पतिजन्य रंगांचा व्यवसाय खालावला. आज नैसर्गिक रंगांनी छापलेले पडदे, चादरी आणि बैठकीची आच्छादने यांना पुन्हा मागणी आहे. कच्छमधील अजरख छपाईत चुना व डिंकाने रंग अडविला जातो, तुरटीच्या ठशावर मंजिष्ठा तांबडी खुलते आणि कापड निळीतही बुडविले जाते. २००१ च्या भूकंपानंतर धमडका येथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढून रंग बिघडू लागले, तेव्हा तेथील खत्री कारागिरांनी अजरखपूर वसविले. कोणते पाणी कोणता रंग देईल, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते.

असे कापड घरात आणताना केवळ 'नैसर्गिक' या शब्दावर समाधान मानू नये. ते कोणी रंगविले, त्याला मोबदला किती मिळाला आणि त्याच्या कलेला कोणाचे नाव लागले, हे प्रश्नही विचारले पाहिजेत. नखावरच्या थेंबाचे ज्ञान ग्रंथात नोंदविण्यायोग्य मानणारी परंपरा आपली आहे. ती पुढे चालविणे हे अभ्यासकाइतकेच उपासकाचेही कर्तव्य होय.